दहातलं एक विसरणार हे धरूनच : जर्मन शिकताना वापरलेल्या ‘अंकी’बद्दल

अंकी हे पाठांतराचं अ‍ॅप आहे. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर अशी कार्डं आपण बनवायची आणि कुठलं कार्ड पुन्हा कधी समोर आणायचं ते अ‍ॅपने ठरवायचं. काँप्युटरवर ते फुकट आहे, अँड्रॉइडवर ‘अंकीड्रॉइड’ या नावाने फुकट मिळतं, आयफोनवर मात्र एकदाच पैसे भरून विकत घ्यावं लागतं. मी मिरजेत एका हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे, राहायला सांगलीत. जर्मनीत नर्सिंग करायचं म्हणून जर्मन शिकते आहे. ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू या भाषेच्या चढत्या पायऱ्या. ए-वनला असताना हे अ‍ॅप घेतलं, आता बी-वनची परीक्षा अर्ध्याहून जास्त हातात आली आहे, आणि मधल्या काळात एकदा सगळं सोडून द्यावं असं फार मनापासून वाटलं होतं. सोडलं नाही, त्यात या अ‍ॅपचा वाटा मोठा आहे. तो नेमका कुठे आहे हे सांगायला हे लिहिते आहे.

२०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला. तेव्हापासून आमच्या वॉर्डात जर्मनची पुस्तकं दिसायला लागली. ए-वनचे दिवस मजेत गेले. रोज काहीतरी नवीन बोलता यायचं: नाव, गाव, वय, कुटुंब, भाजी, भाव. ए-टूलाही निभावलं. मग बी-वन सुरू झालं आणि सगळं थबकलं. अभ्यास तेवढाच, किंबहुना थोडा जास्तच, पण हातात काही लागत नाही. सोमवारी येणारा शब्द गुरुवारी गायब. क्लासमधली एक मुलगी सरांशी घडाघडा बोलायची आणि मी वाक्यातलं क्रियापद शेवटी कुठलं येणार याचा विचार करत बसायचे.

हे असं का होतं याचं एक साधं कारण आहे आणि ते मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. जर्मनच्या परीक्षा घेणाऱ्या गोएथे इन्स्टिट्यूटच्या शब्दयाद्या बघा. ए-वनला साधारण ६५० शब्द, ए-टूला १,३००, बी-वनला २,४००. म्हणजे शब्द दर पायरीला जवळजवळ दुप्पट होतात. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे पहिले काही शे शब्द प्रत्येक वाक्यात भेटतात. ‘आहे’, ‘जाणे’, ‘घर’, ‘आज’ हे शिकलं की लगेच सगळीकडे दिसतं, आणि आपल्याला वाटतं, वा, भाषा यायला लागली. बी-वनचे शब्द दोन-तीन पानांत एकदा येतात. एक शब्द शिकायला कष्ट तेवढेच लागतात, त्याचं फळ दिसायला मात्र आठवडे जातात. तुमचा वेग कमी झालेला नसतो, शब्द विरळ झालेले असतात.

या काळात माझ्याकडे दुसरं एक लोकप्रिय अ‍ॅपही होतं. नाव घेत नाही. त्यात रोजची साखळी असते, सलग इतके दिवस झाले म्हणून आकडा वाढत जातो. माझ्या नाइट ड्यूट्या लागल्या की साखळी तुटायची आणि आकडा शून्यावर. ज्या माणसाला आधीच वाटतंय की आपलं काही होत नाहीये, त्याला सकाळी ड्यूटीवरून आल्या आल्या शून्य दाखवणं मला निर्दयपणाचं वाटतं. ते मी काढून टाकलं.

अंकीत असं काही नाही. उघडलं की आज किती कार्डं बघायची आहेत ते तीन आकड्यांत दिसतं: नवी, अर्धवट शिकलेली आणि उजळणीची. कार्ड बघायचं, मनात उत्तर द्यायचं, उलटायचं आणि चारपैकी एक बटण दाबायचं: अगेन, हार्ड, गुड, ईझी. संपलं की ‘आजचं झालं’ अशा अर्थाचा संदेश येतो. शाबासकी नाही, ओरडाही नाही. दिसायला अगदी साधं आहे. सजावट आवडणाऱ्यांना ते रुक्ष वाटेल. मला त्या रुक्षपणाचा आधार वाटला, कारण ड्यूटीवरून थकून आल्यावर ‘माझी प्रगती होतेय का’ या प्रश्नाला तोंड द्यायची ताकद नसते. ‘आजची कार्डं झाली का’ याचं उत्तर देता येतं.

यामागचा विचार जुना आहे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून, निरर्थक अक्षरगट पाठ करून, माणूस किती वेगाने विसरतो ते मोजलं आणि १८८५ मध्ये प्रसिद्ध केलं. विसरणं सुरुवातीला झपाट्याने होतं, मग मंदावतं. विसरायच्या बेतात असताना उजळणी केली तर पुढच्या वेळी जास्त दिवस टिकतं. सेबास्टियान लाइटनर या पत्रकाराने १९७० च्या दशकात कप्प्यांची पेटी सुचवली: आठवलेलं कार्ड पुढच्या कप्प्यात, विसरलेलं पुन्हा पहिल्यात. ज्यांना मोबाइल नको असेल त्यांनी बुटांच्या खोक्यात पुठ्ठ्याचे कप्पे करून आजही हे करावं, उत्तम चालतं. डेमियन एल्म्स या ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरने २००६ मध्ये अंकी आणलं ते जपानी शिकण्यासाठी, आणि आता त्यात एफएसआरएस नावाची नवी गणितपद्धत आहे. २०२३ च्या शेवटी ती अ‍ॅपमध्येच आली. सेटिंग्जमध्ये जाऊन ती आपल्याला सुरू करावी लागते. जरूर करा.

आता मुद्द्याचं. ही पद्धत सुरू केली की एक खण दिसतो, ‘किती टक्के लक्षात राहायला हवं?’ अशा अर्थाचा. त्यात आधीपासून ९० लिहिलेलं असतं. मी सुरुवातीला त्याकडे बघितलंही नव्हतं. पण बी-वनच्या त्या कठीण दिवसांत एकदा नीट बसून वाचलं आणि तिथे माझं डोकं शांत झालं.

९० टक्के म्हणजे काय? अ‍ॅप प्रत्येक कार्ड अशा दिवशी समोर आणतं, जेव्हा ते आठवण्याची शक्यता साधारण ९० टक्क्यांवर आलेली असते. म्हणजे उजळणीला आलेल्या दर दहा कार्डांमधलं एक मी विसरणार, हे धरूनच सगळं आखलेलं आहे. शंभर कार्डांत दहा वेळा ‘अगेन’ दाबलं तर गाडी अगदी रुळावर आहे. तोवर मी त्या दहा वेळा मनातल्या मनात स्वतःला बोल लावत होते. शिवाय आज समोर न आलेली कार्डं त्याहून ताजी असतात, कारण त्यांची पाळी अजून यायची आहे. म्हणजे मला येणारे एकूण शब्द ९० टक्क्यांहून जास्तच असतात. मला रोज भेटत होते ते नेमके निसटायला आलेले शब्द. त्यांच्याकडे बघून ‘मला काहीच येत नाही’ असं वाटणारच.

हा आकडा वाढवता येतो. ९५ करून बघायचा मोह कुणालाही होईल. पण तो जसा वर न्याल तशी उजळणी झपाट्याने वाढते, कारण तेवढंच लक्षात ठेवायला प्रत्येक कार्ड फार लवकर लवकर बघावं लागतं. नोकरी करणाऱ्या बाईने ९० च्या वर जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मी परीक्षा लांब असताना ८७-८८ वर ठेवते. थोडं जास्त विसरते, पण तेवढ्याच वेळात जास्त शब्द सांभाळले जातात.

आमच्या कामात बेडसोअरची, म्हणजे फार दिवस पडून राहिल्याने होणारी जखम असते. महिना महिना भरत नाही. रोज ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरला फरक दिसत नाही, नातेवाईक तर रोज विचारतात, “सिस्टर, काही सुधारणा?” म्हणून आपण आठवड्याला लांबी, रुंदी, खोली मोजून चार्टवर लिहितो. चार सेंटिमीटरची साडेतीन झाली हे डोळ्यांना कळत नाही, चार्टला कळतं. अंकीचं आकडेवारीचं पान मी त्या चार्टसारखं वापरते. रोज उघडत नाही. आठवड्याला एकदा, ऑफच्या दिवशी. त्यातला एकच आकडा मला महत्त्वाचा वाटतो: ‘मॅच्युअर’, म्हणजे ज्यांची पुढची पाळी २१ दिवस किंवा त्याहून लांब गेली आहे अशी पक्की कार्डं. ज्या महिन्यात मला ठाम वाटत होतं की मी जागच्या जागी उभी आहे, त्या महिन्यातही तो आकडा सरकत होता. कधी भरभर, कधी नावापुरता. नाइटच्या आठवड्यात आडवी रेघ, पुढच्या आठवड्यात चढ. एकसारखा चढ मला त्यात कधीच दिसला नाही आणि आता मी त्याची अपेक्षाही करत नाही.

नाइटवरून एक गोष्ट आठवली, शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांना ती फार उपयोगी आहे. अंकीचा दिवस रात्री बाराला बदलत नाही, पहाटे चारला बदलतो. पण नाइट करणाऱ्याला पहाटे चार म्हणजे ऐन कामाची वेळ. औषधं, आय-व्ही, सकाळचे सॅम्पल. सेटिंग्जमध्ये ‘पुढचा दिवस किती वाजता सुरू’ असा पर्याय आहे, तिथे मी सकाळचे दहा टाकले. त्यामुळे ड्यूटी संपवून, घरी येऊन, आंघोळ करून जी कार्डं बघते ती कालचीच धरली जातात. एवढ्याशा बदलाने माझे नाइटचे आठवडे वाचले. वॉर्डात मोबाइल काढत नाही, हे सांगायला हवं. माझा अभ्यास मिरज-सांगली बसमध्ये. विश्रामबाग येईपर्यंत निम्मी कार्डं होतात.

दुसरी फार आवडलेली सोय म्हणजे ‘लीच’, आपल्या भाषेत जळू. एकच कार्ड आठ वेळा विसरलं की अंकी त्याच्यावर जळूचं लेबल लावतं. हवं तर ते कार्ड आपोआप बाजूलाही ठेवतं. माझ्या जळवांची यादी काढली तेव्हा कळलं की मी सगळं विसरत नाही, मी ठरावीक गोष्टी विसरते. तीन क्रियापदं तर कायमची चिकटली होती: फेरश्राइबन, बेश्राइबन, उंटरश्राइबन. औषध लिहून देणे, वर्णन करणे, सही करणे. तिघांचं शेपूट एकच, त्यामुळे एकीला आठवायला गेलं की दुसरी पुढे यायची. सुटे शब्द म्हणून ही कार्डं शंभर वेळा बघून काही झालं नसतं. ती पुसली आणि वॉर्डातली वाक्यं केली. डॉक्टर औषध लिहून देतात. पेशंट दुखण्याचं वर्णन करतो. मुलगी फॉर्मवर सही करते. वाक्यात क्रियापदाची जागा कोरी ठेवली. पंधरवड्यात तिन्ही वेगळी झाली. जिथे अडलं तिथे जास्त जोर लावण्याऐवजी कार्डच बदलून बघायचं, हे मी त्यावरून शिकले. आता महिन्याला एकदा जळवा काढून बसते.

लिंगांचंही तसंच केलं. जर्मनमध्ये आपल्यासारखीच तीन लिंगं, पण आपली जुळतील याची खात्री नाही. पुल्लिंगी शब्दाआधी डेर लागतं, स्त्रीलिंगीआधी डी, नपुंसकलिंगीआधी दास. चमचा डेर, काटा डी, सुरी दास. जखम डी, ताप दास, ब्लड प्रेशर डेर. बरेच जर्मनचे शिक्षक डेरला निळा, डीला लाल, दासला हिरवा रंग देतात, तोच मी कार्डांवर दिला.

आता हे अ‍ॅप काय करत नाही ते. बी-वनच्या गोएथे परीक्षेत चार मॉड्यूल असतात: वाचन, ऐकणं, लेखन, बोलणं. प्रत्येकाला १०० गुण, पास व्हायला प्रत्येकात ६० लागतात, आणि ती एकेक करून देता येतात. पुण्याला जाऊन मी चारही एकदम दिली. वाचन आणि लेखन चांगल्या गुणांनी निघालं, बोलणं काठावर, ऐकणं राहिलं. वाचन ऐंशीच्या वर आणि ऐकणं साठच्या खाली, एकाच बाईचे एकाच दिवशीचे गुण. ते कागद बघताना वाईट वाटलंच. पण मग विचार केला, माझी कार्डं होती सगळी लिहिलेली. डोळ्यांनी वाचायची. जे रोज केलं ते आलं, जे केलं नाही ते राहिलं. अंकी तुम्ही त्यात जे घालाल तेवढंच पक्कं करतं, पुढे एक पाऊलही नेत नाही. बोलण्याला माणूस लागतो. मी आणि वॉर्डातली एक सिस्टर आता चहाच्या सुट्टीत जर्मनमध्ये हँडओव्हर देतो, म्हणजे ड्यूटी बदलताना पेशंटची माहिती सांगतात तशी, पण पेशंटची नावं न घेता, काल्पनिक पेशंटची.

ऐकण्यासाठी मात्र अंकीचा उपयोग होतो, वेगळ्या प्रकारे. कार्डाच्या पुढच्या बाजूला अक्षर नको, फक्त आवाज. मागच्या बाजूला वाक्य आणि अर्थ. डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या वेबसाइटवर सावकाश वाचलेल्या बातम्या मजकुरासकट मिळतात, तिथली वाक्यं मी घेते. सरांनी काही वाक्यं त्यांच्या आवाजात रेकॉर्ड करून दिली. माझी अडचण मुख्यतः वेळेत आणि आकड्यांत होती. ‘हाल्ब द्राय’ ऐकलं की मला साडेतीन वाटायचं, असतात अडीच. घरी बसून लिहिताना हे मला पक्कं माहीत होतं. कानावर पडल्यावर विचार करायला जो अर्धा सेकंद लागतो तेवढ्यात पुढचं वाक्य निघून जायचं. औषधाच्या वेळेत असा एक तास चुकून चालणार नाही, म्हणून वेळांची आवाजी कार्डं मी ढीगभर केली आहेत. या कार्डांत माझं विसरण्याचं प्रमाण सध्या दहात दोन-तीन आहे. आकडेवारी तसं दाखवते आणि मला ते ठीक वाटतं, कारण हे काम मी उशिरा सुरू केलं आणि इथे मी अजून ए-टूच्या उंचीवरच आहे. बाकीच्या तीन गोष्टींत बी-वन, कानाने ए-टू. जर्मनीत नर्स म्हणून मान्यता मिळवायला साधारण बी-टू लागतं, तेव्हा अजून पल्ला आहे.

नवीन घेणाऱ्यांसाठी एक धोक्याची सूचना. सुरुवातीला अंकी रोज २० नवी कार्डं देतं. पहिला आठवडा सोपा वाटतो. पण प्रत्येक नवं कार्ड पुढे अनेक वेळा परत येणार असतं. रोज १० नवी घेतली तरी काही आठवड्यांत रोजची उजळणी ७०-१०० वर जाते. २० घेतलीत तर त्याच्या दुप्पट, आणि बरेच जण तिथेच अ‍ॅप सोडतात. पाचपासून सुरू करा. पाच खरोखर पुरतात, वर्षात अठराशे होतात. घरात लग्नकार्य असेल, आजारपण असेल तर नवी कार्डं शून्यावर आणा आणि फक्त जुनी सांभाळा. तुंबलंच कधी, तर एका दिवसात सगळं उपसू नका. रोजच्या उजळणीला मर्यादा घालता येते. ती थोडी वाढवा, नवी बंद ठेवा, दोन-तीन आठवड्यांत पाणी उतरतं. उशिरा बघूनही आठवलेलं कार्ड वाया जात नाही. इतके दिवस टिकलं म्हणून अ‍ॅप त्याला आणखी लांबची तारीख देतं.

बटणांबद्दल एकच नियम पाळा. आठवलं नाही तर ‘अगेन’. ‘हार्ड’ हे आठवलं पण कष्टाने आठवलं, यासाठी आहे. विसरलेलं असताना हार्ड दाबत राहिलात तर अ‍ॅपला वाटतं तुम्हाला येतंय, आणि मग त्याचे सगळे अंदाज चुकायला लागतात.

कुणी घेऊ नये? ज्यांना अ‍ॅपनेच धडे द्यावेत, व्याकरण शिकवावं असं वाटतं त्यांनी. हे शिकवत नाही, शिकलेलं धरून ठेवतं. क्लास, पुस्तक, मास्तर वेगळे लागतात. ज्यांना सेटिंग्जमध्ये शिरायचा कंटाळा आहे त्यांनी घरातल्या एखाद्या मुलाला तासभर बसवावं. मला माझ्या भाच्याने लावून दिलं, तो सीईटीसाठी केमिस्ट्रीच्या रिअ‍ॅक्शन यात करायचा. एमपीएससीची तयारी करणाऱ्यांना, फार्मसीच्या मुलांना, पाठांतर आहे तिथे सगळ्यांना हे चालेल.

तयार डेक, म्हणजे कार्डांचे संच, अंकीच्या वेबसाइटवर भरपूर मिळतात, जर्मनचेही. माझा सल्ला, पहिले दोनशे-तीनशे शब्द तरी स्वतःच्या हाताने घाला, आपल्या वॉर्डातल्या, स्वयंपाकघरातल्या वस्तूंचे, मराठी अर्थासकट. माझा नर्सिंगच्या शब्दांचा मराठी-जर्मन डेक मी इतर सिस्टर्सना देते: ड्रेसिंग, कॅथेटर, बेड बनवणं, ताप, दुखणं, नातेवाइकांशी बोलणं. ज्यांना हवा असेल त्यांनी मागावा, पैसे नकोत. मात्र आवाजाची कार्डं त्यात पहिल्या दिवसापासून सुरू करा, लिहिलेल्यांच्या बरोबरीने.